चार डावी वळणं

गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवणाऱ्या माणसांबद्दल फोरमनच्या मनात जेवढी तुच्छता होती, तेवढी चोर-दरोडेखोरांबद्दलही नसेल. चोर निदान काम शिकून घेतो, असं त्याचं म्हणणं. आणि ही चांगली शिकलीसवरलेली, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं गॅरेजच्या दारात उभी राहून गाल फुगवून 'घुर्रर्र' करायची, नाहीतर जीभ टाळूला लावून 'टक टक टक' वाजवायची. फोरमन हाताचं ग्रीस चिंधीला पुसत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सगळं ऐकून घ्यायचा. मग विचारायचा, "झालं? आता हॉर्न वाजवून दाखवा."

फोरमन ही पदवी जुनी. एके काळी बसच्या डेपोत त्याच्या हाताखाली बारा माणसं होती. त्या बाराही जणांना काही येत नव्हतं, हे तो आजही शपथेवर सांगतो. साहेबाला तर त्याहून कमी येत होतं, म्हणून त्याने नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या अंगाला गॅरेज टाकलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. गॅरेजमध्ये मदतनीस टिकला नाही, कारण जो येईल तो फोरमनच्या मते दगड निघे. तेव्हा आता तो एकटाच, मागे घर आणि घरात बायको.

गाडी तपासायची त्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाला चालवू द्यायचं नाही, शेजारीही बसू द्यायचं नाही. स्वतः बसायचं, काचा खाली करायच्या आणि आपली ठरलेली फेरी मारायची. फाटकातून डावीकडे निघायचं, मग लाँड्रीचा कोपरा, शाळेच्या भिंतीचा कोपरा, बँकेचा कोपरा, औषधांच्या दुकानाचा कोपरा, की पुन्हा गॅरेजच्या दारात. कुठे समोरची गाडी आडवी येत नाही, कुठे खोळंबावं लागत नाही. सहा मिनिटांत गाडीची कुंडली हातात, असं तो छाती काढून सांगे. या सहा मिनिटांत जो आवाज आला नाही, तो आवाज जगात नाही.

आता ज्या माणसाचा असा खाक्या, त्याच्या पोटी त्याची लेक कशी जन्मली हे त्यालाच कळत नसे. लेक एका दवाखान्यात रक्त तपासण्याच्या खोलीत काम करायची. दिवसभर काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि वहीत आकडे लिहायचे. तिला नोकरी लागली तेव्हा फोरमनने स्वतःच्या हाताने उभी केलेली एक जुनी गाडी तिला दिली होती. गाडीचं वय सतरा. "म्हातारी आहे, पण माझ्या हातची आहे," असं तो चारचौघांत सांगे, आणि तेवढं बोलताना त्याचा आवाज जरा मऊ व्हायचा.

तीन आठवड्यांपूर्वी लेक म्हणाली होती, "बाबा, पुढच्या चाकात काहीतरी घासतंय. कधी येतो आवाज, कधी नाही."

फोरमनने फेरी मारली. आवाज आला नाही. "तुझ्या कानात मळ झालाय," त्याने निकाल दिला.

आठवड्याने ती पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात कागद होता. पट्टीने रेघा आखलेला. तारीख, वेळ, वेग, रस्ता, ब्रेक दाबलेला की सोडलेला, स्टिअरिंग कुठल्या बाजूला आणि किती, आवाज आला की नाही. सतरा नोंदी होत्या. फोरमनने तो कागद लांब धरून वरून खालपर्यंत नजर फिरवली. त्याला हसू आवरेना.

"हे काय? गाडीची लघवी तपासलीस काय?"

"बाबा, वाचा तरी."

"अगं, वही तो ठेवतो ज्याला गाडी कळत नाही. मला काय वाचायला लावतेस? मी हाताने वाचतो." आणि त्याने इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली, लेकीच्या कागदाने पुसली, आणि कागद बोळा करून डब्यात टाकला. त्या कागदावर काय होतं ते त्याने वाचलं असतं, तर हे सगळं त्याच दिवशी मिटलं असतं. पण वाचेल तो फोरमन कसला!

तरी लेकीचं समाधान व्हावं म्हणून त्याने उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं. काढलेलं बेअरिंग त्याने बोटावर फिरवून पाहिलं तर ते लोण्यासारखं फिरलं. काही झालेलं नव्हतं त्याला. हे अर्थातच त्याने लेकीला सांगितलं नाही. जुनं बेअरिंग खणात टाकलं आणि म्हणाला, "गेलं होतं पार. आता बघ."

आणि खरंच, सहा दिवस आवाज बंद झाला. त्या सहा दिवसांत फोरमनने बायकोला ही कथा नऊ वेळा ऐकवली. सातव्या दिवशी लेकीचा फोन आला, की आवाज परत सुरू झालाय.

त्या शनिवारी सकाळी ती आली ती चेहरा घट्ट करूनच. डोंगरापलीकडच्या गावातल्या दवाखान्यात तिला बढती मिळाली होती. रक्त तपासण्याची सगळी खोली आता तिच्या हाताखाली येणार होती. नऊ वर्षं तिने त्या जागेची वाट पाहिली होती. रविवारी सकाळी सामान भरून निघायचं, सोमवारी कामावर हजर व्हायचं. आणि मध्ये घाटाचा उतार होता, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, सेहेचाळीस वळणांचा.

"बाबा, शेवटचं विचारते," ती गॅरेजच्या दारातच उभी राहून म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडे मी गेले नाही, कारण तुम्हाला ते आवडत नाही. आता मी चालवते. तुम्ही शेजारी बसा. शेजारी बसून, नीट ऐकून, मग म्हणा की काही नाहीये. तुम्ही तसं म्हणालात तर मी उद्या या गाडीने निघते."

"मी कुणाच्या शेजारी बसत नाही."

"माहितीये. म्हणूनच सांगतेय."

"तुझ्या शेजारी बसून मी काय ऐकणार? तुझं गिअर टाकणं?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने डोकं बाहेर काढलं. "बसा की हो! सिंहासन जातंय का तुमचं?"

फोरमनने बायकोकडे असं पाहिलं, जसं तो डेपोतल्या बारा जणांकडे पाहत असे. पण बसला. डाव्या बाजूच्या सीटवर आपला ऐवज मावेना म्हणून त्याने ती मागे सरकवली, पट्टा लावला नाही, कोपर खिडकीबाहेर काढलं आणि समोर बघत म्हणाला, "चल. क्लच हळू सोड. हळू म्हणतोय. गाडी आहे, बैल नाही."

लेकीने क्लच हळूच सोडला. फाटकाशी आली, दोन्हीकडे बघितलं आणि गाडी उजवीकडे वळवली.

"इकडे कुठे?"

"उजवीकडे."

"फेरी डावीकडून असते."

"तुमची," लेक म्हणाली.

पुढे एक बंद गल्ली होती. टोकाला छापखान्याची भिंत, वळायला जेमतेम जागा. लेकीने वेग कमी केला, स्टिअरिंग उजवीकडे फिरवत फिरवत पार शेवटपर्यंत नेलं आणि गाडी जागच्या जागी वळवू लागली. आणि उजव्या चाकाच्या आतून आवाज आला. खर्र. मग पुन्हा, लांबट, ओला, खर्रर्र.

फोरमनचं कोपर आत आलं.

तो आवाज बेअरिंगचा नव्हता. बेअरिंग गुरगुरतं, आणि वेग वाढला की वाढतं. हा लोखंडाचा आवाजच नव्हता. रबरावर रबर घासत होतं. फिरतं टायर अशा कशाला तरी लागत होतं, ज्याला ते कधीच लागता कामा नये.

"पुन्हा वळव," तो म्हणाला.

"डावीकडे की उजवीकडे?"

तिने गाडी मागे घेतली आणि पुन्हा उजवीकडे वळवली. पुन्हा तोच आवाज.

तेव्हा कुठे त्या शहाण्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याच्या फेरीला चार कोपरे होते आणि चारही डावे. सगळ्या गावाला अक्कल शिकवणाऱ्या या माणसाने इतक्या वर्षांत एकही गाडी उजवीकडे वळवून तपासली नव्हती. माणसं येत होती, गाल फुगवून जीव तोडून आवाज काढून दाखवत होती, आणि हा डावीकडून जाऊन डावीकडून येत होता आणि त्यांना वेड्यात काढत होता. कागदावर सतरा नोंदी होत्या. आवाज आला तिथे प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं, 'उजवीकडे, पूर्ण'. तो कागद त्याने तेल पुसायला वापरला होता.

"सावकाश घे घरी," तो म्हणाला. "ब्रेक जोरात दाबू नकोस."

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेतली, चाक उतरवलं. लेक टॉर्च धरून शेजारी उकिडवी बसली. 'तू बाजूला हो' असं म्हणायचं फोरमन विसरला.

चाकाच्या मागे ब्रेकची रबरी नळी असते. ब्रेक दाबला की त्या नळीतून तेलाचा जोर चाकापर्यंत पोचतो. नळी शॉकच्या, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या दांड्यावरच्या खाचेत बसवलेली असते, म्हणजे ती चाकापासून दूर राहते. इथे ती खाचेतून निसटून लोंबत होती. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे गेलं की टायर आत येऊन तिला घासत होतं. फोरमनने ती दोन बोटांत धरून उलटी केली. एका अंगाने रबर झिजून चकचकीत झालं होतं, आणि मधोमध तर रबर उरलंच नव्हतं. आतले पांढरे धागे दिसत होते. त्यांतले दोन तुटले होते.

"उद्या उतारावर ही फुटली असती," लेक म्हणाली. विचारलं नाही तिने, नुसतं म्हणाली.

फोरमनचं तोंड सवयीने चालू लागलं. "कंपनीवाल्यांचा माल. हल्ली रबरात काही राम नाही. पैसे मोजून घ्यायचे आणि माती विकायची. मी सांगतो ना, या कंपन्यांना..."

बोलता बोलता त्याने स्कूटर काढली आणि सुट्या भागांच्या दुकानातून उजवी-डावी अशा दोन नळ्या घेऊन आला. येईपर्यंत त्याने कंपनीला आणखी बऱ्याच शिव्या मनातल्या मनात घातल्या, कारण त्या थांबवल्या की दुसरं काहीतरी आठवायला लागे.

लेकीने पाकीट फोडलं. नळीबरोबर पाकिटातून पत्र्याची एक छोटी वाकवलेली पट्टी खाली पडली. नखाएवढी जाड, इंग्रजी यू अक्षरासारखी.

"ही काय?"

"क्लिप."

"कुठे लागते?"

फोरमन बसल्या जागेवरून खाचेकडे बघत राहिला. "इथे. नळी खाचेत बसवली की वरून ठोकायची. मग ती निसटत नाही."

"मग आधीची कुठे गेली?"

कंपनीचं नाव त्याच्या जिभेवर होतं. नुसतं सोडायचा अवकाश होता. लेकीला काय कळणार होतं? पण टॉर्चचा उजेड थेट खाचेवर पडला होता, आणि खाचेच्या खाली प्लास्टिकच्या पट्टीचा तुटका तुकडा चिकटून होता, उन्हातान्हाने वाळून पांढरा पडलेला. अशा पट्ट्यांचा गठ्ठा फोरमनच्या खिशात कायम असायचा.

"मी काढली," तो म्हणाला. "गेल्या वर्षी शॉक बदलताना. गंजलेली क्लिप काढायला अर्धा तास जातो, पुन्हा बसवायला अर्धा तास. म्हटलं, कंपनीचे नखरे आहेत नुसते. प्लास्टिकची पट्टी आवळून टाकली. तेवढ्याने भागतं म्हटलं."

"आणि मागच्या वेळी बेअरिंग बदललंत तेव्हा ही नळी दिसली नाही?"

"हाताने सारून खाचेत ढकलली असेल. म्हणून तर सहा दिवस आवाज गेला. मी बेअरिंग बघत होतो." मग तिच्याकडे न बघता, "बेअरिंग चांगलं होतं."

लेक उठली, गाडीला वळसा घालून डावीकडे गेली, वाकून टॉर्च मारला. "इकडेही क्लिप नाही. प्लास्टिक आहे. तडकलंय, पण धरलंय अजून."

दोन्ही नळ्या बदलायला दुपार झाली. नवी नळी लावली की आत शिरलेली हवा काढावी लागते, आणि ते एकट्याचं काम नाही. लेक गाडीत बसली, फोरमन चाकापाशी आडवा झाला. "दाब." "दाबला." "धर." "धरलाय." "सोड." तो बोल्ट सैल करी, तेलाबरोबर बुडबुडे येत, तो बोल्ट घट्ट करी. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, ते बरंच होतं. त्या दिवशी तिने एकदाही चुकीच्या वेळी पाय उचलला नाही. हे त्याच्या लक्षात आलं, आणि बारा जणांपैकी एकालाही हे इतकं नीट जमलं नव्हतं, हेही लक्षात आलं. पण ते बोलून दाखवायची सवय त्याच्या जिभेला नव्हती.

"बाबा," वरून आवाज आला. "प्लास्टिकची पट्टी आणखी किती गाड्यांना लावलीत?"

पाना थांबला.

"ज्यांचे शॉक बदलले, त्या सगळ्यांना."

"किती?"

"पंधरा. वीस असतील."

"आणि त्यातल्या कुणी कधी येऊन म्हणालं, की चाकात घासतंय?"

म्हणाले होते. तिघे तरी म्हणाले होते. फोरमनने डावीकडून फेरी मारून तिघांनाही परत पाठवलं होतं. तो गाडीखाली तसाच पडून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज कुठे ठेवायची ते त्याला कळेना.

"यादी काढा," लेक गाडीतून उतरत म्हणाली. "आजच सगळ्यांना फोन करायचे. उद्या मी नसेन."

यादी कसली! वही ठेवणाऱ्यांना हसण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याकडे यादी कुठून असणार? होता तो फोन. फोरमनचे हात तेलाने भरलेले, म्हणून लेकीने तो त्याच्या खिशातून काढला आणि स्टुलावर बसून नावं वाचू लागली. दोन-चार नावं वाचून ती थांबली.

"बाबा, हे काय आहे? अर्धवट. आगाऊ मिशी. उंट. ही माणसं आहेत ना?"

"गिऱ्हाइकं आहेत," फोरमन पुटपुटला. "मला लक्षात राहतं तसं."

"यांची खरी नावं?"

नावं त्याला माहीत नव्हती. एकाचंही नाव त्याने कधी विचारलं नव्हतं.

"यांच्यातल्या शॉक बदललेल्यांना 'हो' म्हणा." अर्धवट नाही. आगाऊ मिशी नाही. उंट हो. लेकीने फोन लावला आणि फोरमनच्या कानाला धरला.

"हॅलो," फोरमन म्हणाला. "मी गॅरेजमधून बोलतोय. फोरमन. तुमची गाडी... नाही, तुमचं काही काम राहिलं नाहीये. माझं राहिलंय. गाडी चालवू नका. मी येतो आणि नीट करून देतो. पत्ता सांगा." मग घुटमळत, "आणि आपलं नाव काय?" पलीकडचा माणूस म्हणाला, "आठ वर्षं येतोय मी तुमच्याकडे." आणि मग नाव सांगितलं. लेकीने ते कागदावर लिहून घेतलं.

"पुढचं," ती म्हणाली. "कटकट एक. यांचे बदललेत?"

फोरमनच्या तोंडातून शब्द निघायच्या आत तिने बटण दाबलं होतं. मागे स्वयंपाकघरात फोन वाजू लागला. बायको तो हातात घेऊन दारात आली. "अहो, दहा पावलांवरून फोन कशाला करताय? हाक मारा की!"

लेकीने फोन बंद केला. खालच्या ओळीवर तिचा अंगठा थांबला. 'कटकट दोन'. नावाखाली आकडे होते. ते तिला पाठ होते, कारण ते तिचेच होते. तिने ती ओळ वाचली, आणि फोरमनने तिला ती वाचताना पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं, पण खाली नुसती तेलकट फरशी होती.

"या दोघींना कळवायला नको," लेक म्हणाली, आणि तिने अंगठा वर सरकवला. "पुढचा. खोकला. यांचे बदललेत?"

"बदललेत," फोरमन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच नीट ऐकू आला नाही.

तिने नंबर लावला आणि या वेळी कानाला न धरता फोन त्याच्या तेलकट हातातच दिला.

"आधी नाव विचारा," ती म्हणाली, आणि कागदावर नवीन ओळ आखून वाट बघत बसली.